फोन चालू आहे ना? मग चालूच राहू द्या

माझ्या ऑफिसच्या दारावर एक कागद चिकटवलाय. ‘फोन चालू असेल तर चालूच आणा. बंद असेल तर बंदच आणा. पासकोड आठवत असेल तर आधी तो सांगा.’ येणारे-जाणारे पुणेरी पाटी समजून हसतात, फोटो काढतात. आणि ज्या फोनसाठी आलेले असतात, तो बॅटरी वाचावी म्हणून बंद करून पिशवीत ठेवलेला असतो.

मी पुण्यात नारायण पेठेत बसते. वकील, छोट्या कंपन्या आणि अधूनमधून घरातली माणसं कुलूपबंद फोन, लॅपटॉप घेऊन येतात, आणि त्यातला डेटा मी काढून देते. पोलिसांकडची कामं गणेशखिंडच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात, माझ्याकडे येतं ते खासगी. सोल्डरिंग मी बाबांच्या दुकानात शिकले, तपकीर गल्लीत, टीव्ही उघडून दुरुस्त व्हायचे त्या काळात. कायदा पुढे शिकले. सोल्डरिंगने बोटं भाजली, कायद्याने झोप उडवली.

हे लिहितेय ते या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींसाठी आणि ज्युनियर वकिलांसाठी. वकिलांसाठी जरा जास्तच, कारण डिव्हाइस पहिल्यांदा त्यांच्या हातात पडतं आणि बिघडायचं ते बहुतेक तिथेच बिघडतं.

आधी एक गैरसमज काढून टाका. ‘एन्क्रिप्शन तोडलं’ असं बातमीत येतं, तसं कुणी काही तोडत नाही. एईएस-२५६ या एन्क्रिप्शनच्या पद्धतीला अंगावर घ्यायची कुणाची टाप नाही. किल्ली मात्र कुठेतरी असतेच. ती चिपमध्ये असते, रॅममध्ये असते, क्लाउडवर असते, माणसाच्या डोक्यात असते, नाहीतर किराण्याच्या डायरीच्या शेवटच्या पानावर असते. हार्डवेअरमधली त्रुटी म्हणजे तिजोरीला पडलेलं भोक नव्हे. किल्ली घेऊन गडी ज्या बोळातून जातो, तो बोळ उघडा राहिलाय, एवढाच तिचा अर्थ. म्हणून डिव्हाइस समोर आलं की माझा पहिला प्रश्न ‘हे कसं उघडायचं’ असा नसतो. ‘किल्ली आत्ता कुठे आहे, आणि मी काय केलं तर ती तिथून जाईल’, हा असतो.

कागद

हे पटकन सांगते, पण वगळू नका. मालकाची लेखी संमती किंवा न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय मी डिव्हाइसला हात लावत नाही. महिन्यातून एकदा तरी कुणी गृहस्थ बायकोचा फोन घेऊन येतात. बिल त्यांच्या नावावर असतं, म्हणून फोनही आपलाच असं त्यांना वाटतं. मी त्यांना चहा देते आणि परत पाठवते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय घुसल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ‘तो माझा नवरा आहे’ किंवा ‘ती माझी बायको आहे’ असा अपवाद त्या कलमांत लिहिलेला नाही.

घरातलं माणूस गेलं आणि त्याचा फोन उरला, अशा वेळी आधी वारसांचे कागद. आयफोन असेल तर त्या माणसाने ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमला होता का, ते घरच्यांना विचारायचं. ही सोय २०२१ च्या डिसेंबरपासून आहे. त्यासोबत मिळणारी ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला असेल तर ॲपल आयक्लाउडमधला बराचसा डेटा देतं. माझी फी वाचते, त्यांचे दोन महिने वाचतात.

पहिली दहा मिनिटं

फोन दोन अवस्थांत असतो. चालू केल्यावर एकदाही पासकोड टाकलेला नाही, ही पहिली अवस्था. आमच्यात तिला बीएफयू म्हणतात, म्हणजे पहिल्या अनलॉकच्या आधीची. सकाळी एकदा पासकोड टाकला आणि आता नुसता स्क्रीन लॉक आहे, ती दुसरी, एएफयू, म्हणजे पहिल्या अनलॉकच्या नंतरची. वरून दोन्ही फोन सारखेच दिसतात, पण आतून जमीन-अस्मानाचा फरक. दुसऱ्या अवस्थेत बहुतेक डेटाच्या किल्ल्या मेमरीत उघड्या असतात. मेल, आरोग्याच्या नोंदी असा थोडा भाग तेवढा स्क्रीन लॉक होताच पुन्हा बंद होतो. पहिल्या अवस्थेत मात्र जवळजवळ सगळंच बंद, फक्त सिस्टीमच्या थोड्या नोंदी आणि अलार्मसारख्या गोष्टी जाग्या.

ओळखायचं कसं? नुसतं बघून. ‘रीस्टार्टनंतर पासकोड आवश्यक आहे’ अशा अर्थाचा संदेश असेल तर पहिली अवस्था. फोन आला आणि स्क्रीनवर नावाऐवजी नुसता नंबर दिसला, तरी बहुधा तीच, कारण कॉन्टॅक्टची यादी अजून बंद आहे. पण हे तपासायला मुद्दाम त्या फोनवर फोन लावू नका! एका वकिलीणबाईंनी लावला होता, आणि मग तो मिस्ड कॉल कुणाचा हे आम्हाला अहवालात लिहावं लागलं.

चालू फोन हातात आला तर काय करायचं? वेळ लिहा, बॅटरीची टक्केवारी लिहा, स्क्रीनचा फोटो घ्या. फोन स्वतःच्या तोंडासमोर धरू नका. चेहऱ्याची ओळख पाच वेळा फसली की फोन पासकोडशिवाय काही ऐकत नाही, आणि तुमचा चेहरा त्याने मोजला तर तुम्ही त्याच्या मालकाची एक संधी खाल्लीत. आयफोनचं बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरू नका, त्यानेही चेहरा आणि बोट दोन्ही बाद होतात. पासकोडचे अंदाज तर अजिबात नको. ‘जन्मतारीख टाकून बघितली, गाडीचा नंबर टाकून बघितला’ हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

मग नेटवर्क तोडायचं. नाहीतर दुसरीकडून कुणी फोन पुसून टाकायचा हुकूम पाठवू शकतो. लॉक असूनही विमान मोड लावता आला तर लावा आणि लावल्याचं लिहा. सिम काढून फायदा कमी, हल्ली ई-सिम असतं आणि वायफाय असतंच. फॅरडे बॅग, म्हणजे लहरी अडवणारी पिशवी, सगळ्यांत बरी. ती जवळ नसेल तर लोक स्टीलचा डबा सुचवतात. मी घरी माझ्याच फोनवर करून पाहिलं: पोह्यांच्या डब्यात घंटी वाजली, कुकरमध्येही वाजली, कारण झाकणाच्या फटीतून आणि रबरी रिंगमधून लहरी आरामात जातात. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चार-पाच पदर, कडा नीट दुमडून गुंडाळली तेव्हा थांबली. तुम्हीही आधी स्वतःच्या फोनवर करून पाहा.

बॅगेत गेलेला फोन टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी भराभर खातो. म्हणून छोटी पॉवर बँक जोडून तीही आतच ठेवायची. केबल बाहेर काढलीत तर तीच अँटेना होते.

आणि घड्याळाकडे लक्ष. २०१८ च्या जुलैपासून, आयओएस ११.४.१ आल्यानंतर, आयफोन लॉक होऊन एक तास झाला की त्याचं पोर्ट डेटा द्यायचं बंद करू शकतं, नुसतं चार्जिंग चालू राहतं. आयओएस १८.१ पासून तीन दिवस अनलॉक न झालेला आयफोन आपला आपण रीस्टार्ट होतो, म्हणजे दुसऱ्या अवस्थेतून पहिल्या अवस्थेत जाऊन बसतो. अँड्रॉइडवर गूगलने २०२५ च्या एप्रिलमध्ये तशीच सोय आणली. पूर्वी जप्त केलेला फोन चार्जिंगला लावून आठवडाभर कपाटात ठेवला तरी चालायचं. आता शुक्रवारी संध्याकाळी आलेला फोन ‘सोमवारी बघू’ म्हणून ठेवलात, तर सोमवारी तुमच्या हातात वेगळाच फोन असू शकतो.

आतली चिप

त्रुटी कुठे उपयोगी आणि कुठे नाही, हे एका हिशोबातून कळतं. आयफोनमध्ये पासकोड एकटा किल्ली बनवत नाही. कारखान्यात प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच कोरलेली एक गुप्त किल्ली असते आणि पासकोड तिच्यात गुंफला जातो. त्यामुळे अंदाज त्याच फोनवर, त्याच चिपवर करावे लागतात, आणि एका अंदाजाला ॲपलच्या सांगण्यानुसार सुमारे ८० मिलिसेकंद लागतील अशी ती रचना आहे. चार आकडे म्हणजे दहा हजार शक्यता, तेरा-चौदा मिनिटांचं काम. सहा आकडे म्हणजे दहा लाख, साधारण बावीस तास. मग फोन का उघडत नाहीत? कारण चुकीच्या अंदाजांनंतर वाट पाहायला लावणारा मोजणीदार वेगळ्या सुरक्षित चिपमध्ये बसलेला असतो. लढाई या मोजणीदाराशी असते, गणिताशी नाही.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनोच्या हल्लेखोराचा आयफोन ५सी जगभर गाजला. त्या मॉडेलमध्ये तो वेगळा रखवालदार नव्हता. केंब्रिजच्या सर्गेई स्कोरोबोगातोव्ह यांनी त्याच वर्षी दाखवून दिलं की मेमरीची चिप काढून तिची प्रत घ्यायची, काही अंदाज करायचे, मग जुनी प्रत परत बसवायची, की मोजणीदार मागे जातो. चार आकड्यांना सुमारे चाळीस तास. सामान शंभर डॉलरच्या आतलं. तपकीर गल्लीत हॉट एअर चालवणाऱ्या कुणालाही ते काम हाताच्या दृष्टीने अवघड वाटणार नाही, पण नव्या मॉडेलांवर ते चालत नाही.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये ‘चेकमेट’ नावाची त्रुटी बाहेर आली. ए५ ते ए११ प्रोसेसर, म्हणजे आयफोन ४एसपासून आयफोन टेनपर्यंत. ती बूटरॉममध्ये, म्हणजे फोन सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या कोडमध्ये आहे. बूटरॉम कारखान्यात लिहिला जातो तो कायमचा, त्यामुळे कुठल्याही अपडेटने ती बुजत नाही. नवी मुलं हे ऐकून खूश होतात. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. ती पासकोड सांगत नाही. आणि ती वापरायला फोन डीएफयू या दुरुस्तीच्या मोडमध्ये न्यावा लागतो, म्हणजे रीस्टार्ट. चालू, एकदा अनलॉक झालेला आयफोन ८ तुमच्यासमोर आहे आणि तुम्ही उत्साहाने चेकमेट लावलंत, तर हातातला घास तुम्हीच खाली टाकलात. पासकोड माहीत असेल, तेव्हा मात्र ती फार कामाची: जुन्या फोनची पूर्ण फाइल सिस्टीम मिळते, नुसत्या बॅकअपमध्ये न येणाऱ्या नोंदींसकट.

अँड्रॉइडमध्ये एकच एक उत्तर नाही. पूर्वी मेमरी चिप उखडून रीडरवर वाचायची, की फोटो, मेसेज सगळं समोर यायचं. त्या चिप-ऑफच्या जोरावर माझी काही वर्षं चांगली गेली. अँड्रॉइड ७ पासून फाइलनिहाय एन्क्रिप्शन आलं आणि अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या फोनांना ते सक्तीचं झालं. आता चिप उखडली तर हातात नुसता कचरा, कारण किल्ली प्रोसेसरशी बांधलेली. चिप काढण्याआधी मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती बघा. उखडलेली चिप परत बसवता येते असं म्हणणारे भेटतील. येते, कधीकधी.

याचाच दुसरा भाग म्हणजे पाण्यातले फोन. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्याचं पाणी सिंहगड रोडच्या एकता नगरीत शिरलं, त्यानंतर पंधरा दिवस माझ्या टेबलावर चिखलाचा वास होता. अशा फोनला एन्क्रिप्शनमुळे एकच रस्ता उरतो: तोच बोर्ड जिवंत करायचा. चार्जर लावायचा नाही, तांदळात पुरायचा नाही (तांदूळ फोनच्या आतलं पाणी ओढून काढत नाही, पीठ मात्र सोडतो). बॅटरी सोडवायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचं, शॉर्ट शोधायचे. बोर्डच कुजला असेल तर प्रोसेसर, मेमरी आणि त्यांच्या जोडीची छोटी चिप असा सगळा संसार डोनर बोर्डवर, म्हणजे तशाच दुसऱ्या फोनच्या चांगल्या बोर्डवर हलवायचा. एकट्या मेमरीला नेऊन उपयोग नाही. आणि फोन जिवंत झाला तरी पासकोड लागतोच, तेव्हा तो आधीच विचारून ठेवा.

लॅपटॉप, आणि माझी चूक

भागीदारांच्या भांडणातला एक लॅपटॉप २०१९ मध्ये आला. मी अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे केलं. एसएसडी काढली, डिस्कवर काही लिहू न देणारा राइट-ब्लॉकर लावला, इमेज म्हणजे हुबेहूब प्रत घेतली, दोन्हीकडचा शा-२५६ हॅश, म्हणजे डेटाचा डिजिटल ठसा, जुळला. समाधानाने मी त्यांना म्हटलं, ‘डिस्क राहू दे, बाकीचा खोका न्या.’ त्यांनी नेला. चार दिवसांनी इमेज उघडली तर पार्टिशनच्या सुरुवातीला बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची खूण. किल्ली त्या खोक्याच्या मदरबोर्डवर, किल्ल्या सांभाळणाऱ्या टीपीएम चिपमध्ये. मी फोन केला, तोवर खोका एक्सचेंजमध्ये गेला होता. रिकव्हरी की कुणाकडे नव्हती. माझ्याकडे आजही ती इमेज आहे, हॅश अजून जुळतो. फी मी परत केली.

तेव्हापासून लॅपटॉप हा एकच दागिना समजायचा: डिस्क आणि बोर्ड वेगळे करायचे नाहीत. पोर्टेबल हार्डडिस्कचंही तसंच. काहींमध्ये यूएसबीची छोटी पट्टीच एन्क्रिप्शन करते, पासवर्ड लावलेला नसला तरी. पट्टी फेकून नुसती डिस्क आणलीत तर हाती गोंधळ येतो.

लॅपटॉप चालू आणि उघडा मिळाला तर झाकण लावू नका. चार्जर जोडा. मालकाची संमती किंवा आदेश हातात असेल तर त्याच मशीनवर बिटलॉकर चालू आहे का ते बघा आणि ४८ आकडी रिकव्हरी की काढून घ्या, प्रशासकाचे अधिकार असतील तर विंडोजच ती दाखवतं. रॅमची इमेज बाहेरच्या डिस्कवर घ्या. या सगळ्याने मशीनमध्ये थोडे बदल होतात, ते टळत नाहीत. काय केलं, किती वाजता आणि का, हे लिहिलंत तर उलटतपासणीत उभं राहता येतं.

लॅपटॉप बंद असेल तर आधी चिप नव्हे, माणसं शोधा. घरगुती विंडोजमध्ये ती ४८ आकडी की बहुतेकदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात आपोआप जाऊन बसलेली असते आणि मालकाला पत्ता नसतो. कंपनीचा लॅपटॉप असेल तर हिंजवडीतल्या त्यांच्या आयटीवाल्याकडे. माझे अर्ध्याहून जास्त बिटलॉकर असेच उघडलेत, सोल्डरिंगची इस्त्री गरम न करता.

नाहीच मिळाली, तर मग हार्डवेअर. टीपीएम वेगळी चिप असेल आणि पिन लावलेला नसेल, तर चालू होताना ती किल्ली प्रोसेसरकडे तारांवरून उघडी पाठवते. हाच तो बोळ. २०२४ मध्ये एका संशोधकाने दहा डॉलरच्या आतल्या रास्पबेरी पाय पिकोने एका जुन्या लॅपटॉपवर ही किल्ली ४३ सेकंदांत टिपून दाखवली. व्हिडिओ बघून लोकांना वाटतं, आता सगळंच उघडलं. पण हल्ली बऱ्याच मशीनांत टीपीएम प्रोसेसरच्या पोटातच असते, तिथे टिपायला तारच नाही. बर्लिनच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एएमडीच्या काही पिढ्यांवर व्होल्टेजचे झटके देऊन तीही बोलती केली, पण ते प्रयोगशाळेचं काम, दुसऱ्याच्या एकुलत्या एक पुराव्यावर करायचं नाही. आणि चालू होण्याआधीचा पिन लावलेला असेल तर तो टाकल्याशिवाय तारांवर काही येतच नाही. तुमचा स्वतःचा लॅपटॉप असेल तर तो पिन आजच लावा.

रॅम गार करून किल्ली काढायची युक्ती प्रिन्स्टनच्या लोकांनी २००८ मध्ये दाखवली होती, हवेचा डबा उलटा धरून. हल्लीच्या लॅपटॉपात रॅम बोर्डवरच डकवलेली असते, त्यामुळे मी तरी तो डबा कीबोर्ड साफ करायलाच वापरते.

एसएसडी जुनी असेल तर मात्र एकदा बघून घ्या. नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठाने २०१८ मध्ये दाखवलं की क्रूशल आणि सॅमसंगच्या काही मॉडेलांत पासवर्ड आणि डेटाची किल्ली यांचा खरा संबंधच नव्हता. कुलूप नुसतं दाराला टांगलेलं. बिटलॉकर तेव्हा अशा डिस्कवर विश्वास टाकून स्वतः हात झटकत असे. मायक्रोसॉफ्टने ते २०१९ मध्ये बदललं, पण त्याआधी एन्क्रिप्ट झालेल्या डिस्क आपोआप बदलल्या नाहीत.

हॅश आणि दाखला

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे आणि डिजिटल पुराव्यासोबतच्या दाखल्याबद्दलच्या जुन्या पुरावा कायद्यातल्या ६५-बी ची जागा कलम ६३ ने घेतली. दाखल्याचे आता दोन भाग: एक डिव्हाइस ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश लिहायचा असतो. दाखल्याशिवाय चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आपल्याच जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर–गोरंट्याल खटल्यात ठणकावून सांगितलं होतं.

इथे नवे लोक हमखास अडकतात. चालू फोनची दोनदा प्रत घेतलीत तर दोन्ही हॅश वेगळे येणार, कारण मधल्या काळात फोन स्वतः काहीतरी लिहीत असतो. एसएसडीसुद्धा राइट-ब्लॉकर लावूनही आतल्या आत साफसफाई करते. म्हणून दाखल्यात ‘फोनचा हॅश’ असं लिहू नका. ‘अमुक तारखेला, अमुक वाजता काढलेल्या या फाइलचा हॅश’ असं लिहा, आणि तो प्रत संपताक्षणी काढा, चहा पिऊन आल्यावर नाही. त्रुटी वापरून डेटा काढला असेल तर कुठली, कुठल्या साधनाने आणि तिने फोनमध्ये काय बदललं, तेही त्यातच. लपवलेलं समोरचा वकील शोधतो.

काम झालं की डिव्हाइस ज्या अवस्थेत आलं होतं त्याची नोंद समोर ठेवून परत द्या: सिम, सिमची पिन, कव्हर, चार्जर, आणि हो, लॅपटॉपचा खोकासुद्धा. पासकोड आणि ती ४८ आकडी की मी पाकिटात घालून, लाख लावून मालकाच्याच हातात देते आणि माझ्या वहीतली ओळ त्याच्यासमोर खोडते. मग सही घेते.